केळुस्कर मॅडमची पालथी मुलं

केळुस्कर मॅडमना कफाची किळस येत नसे. मुलाच्या श्वासनळीतून ओढून काढलेला कफ बाटलीत जमला की त्या ती बाटली खिडकीच्या उजेडात धरत, बाजारात मध पारखावा तशी, आणि बेशुद्ध पोराला सांगत, "काल हिरवा होता, आज पांढरा. गुणाचं गं माझं बाळ." लाळ, उलटी, ओलं डायपर, वास मारणारी जखम, कशानेही त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. पण त्यांच्या टेबलावर औषध कंपनीचा माणूस सुकामेव्याचा डबा ठेवून गेला, किंवा हात न धुता "धुतले मॅडम" असं कुणी म्हणालं, की त्यांचं नाक वर जायचं, ओठ मुडपायचे आणि एक 'शी' बाहेर पडायची. छोटी, कोरडी. ती ऐकली की आम्हा नर्सेसच्या अंगावर काटा यायचा. आपल्याला उद्देशून नसेल तर मनातून बरंही वाटायचं.

उल्हासनगरात फर्निचर बाजाराच्या मागच्या रस्त्याला आमचं मुलांचं हॉस्पिटल आहे. नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर मालकांना फुकटात जाहिरात मिळेल. खाली संगमरवर, कारंजं, काचेच्या पेटीत गणपती. वर नातेवाइकांच्या संडासाला कडी नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मालक स्वतः डॉक्टर, आम्ही त्यांना मोठे सर म्हणतो. कधीकाळी ते मुलं तपासायचे म्हणे. मी लागले तेव्हापासून मी त्यांना पाहुणे तपासतानाच पाहिलं आहे.

मॅडम अंबरनाथच्या. वडील तिथल्याच एका कारखान्यात अधिकारी होते. मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात मुलांच्या अतिदक्षता विभागात त्यांनी उमेदीची वर्षं काढली आणि आई अंथरुणाला खिळली तेव्हा परत घरी आल्या. आमच्या आयसीयूला अशा डॉक्टरची पाटी हवी होती, त्यांना घराजवळ काम हवं होतं. रोज स्कूटरवरून वालधुनीच्या पुलावरून यायच्या. त्या पुलावर आम्ही सगळे नाकाला ओढणी लावतो. मॅडम लावत नसत. "वास म्हणजे माहिती, सुजाता," असं त्या मला म्हणाल्या होत्या. "आज नदीला वेगळा वास आहे, म्हणजे कुणीतरी रात्री काहीतरी सोडलंय. नाक झाकलं तर कळणार कसं?"

मी बदलापूरजवळच्या सोनिवलीची. आमच्या भाताच्या शेतावर आता उंच इमारती आहेत आणि वडील त्यातल्याच एका इमारतीच्या गेटसमोर खुर्ची टाकून बसतात. नर्सिंग करून मी काही वर्षं इकडेतिकडे काढली आणि या हॉस्पिटलात आले. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, मॅडम इंजेक्शनं विचारतील, औषधांचे डोस विचारतील. त्यांनी रिकाम्या पलंगाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "त्यावर पालथी झोप."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. मी झोपले. त्यांनी माझ्या छातीखाली एक उशी सरकवली, ओटीपोटाखाली एक, मान एका बाजूला वळवली, एक हात वर, एक खाली, पोट मोकळं लोंबतं ठेवलं. डोळ्यांवर हलकी पट्टी लावली. मग जेवायला निघून गेल्या. थोड्या वेळात माझ्या तोंडातून लाळ गळून गालाखालची चादर ओली झाली. मान आखडली, कानाची पाळी दुखायला लागली. मागून कुणाची पावलं आली की पाठीला शहारा यायचा, कारण कोण येतंय ते दिसत नव्हतं. मॅडम परत आल्या, पट्टी काढली, म्हणाल्या, "कळलं? आता त्या मुलांपाशी जाताना आधी बोलायचं, मग हात लावायचा. आणि कानाची पाळी बघायची, दुमडली नाही ना." युनिटमधल्या प्रत्येक नव्या माणसाला त्यांनी असंच झोपवलं होतं. मोठ्या सरांनाही एकदा विचारलं होतं. सर म्हणाले, माझं पोट आडवं येईल.

हे पालथं घालणं म्हणजे मॅडमचं खरं काम. न्यूमोनियाने दोन्ही फुप्फुसं भरून गेलेली मुलं आमच्याकडे येत. एक्स-रेवर छातीच्या जागी नुसता पांढरा पडदा. श्वासाचं मशिन लावून, ऑक्सिजन पूर्ण सोडूनही अंगात पुरेसा जात नसे. अशा मुलाला मॅडम पालथं घालत आणि दिवसाचा बराचसा वेळ तसंच ठेवत. का, ते त्यांनी मला भांडी घासायच्या स्पंजावर समजावलं होतं. ओला स्पंज आडवा ठेवला की पाणी खालच्या अंगाला उतरतं. मूल उताणं असलं की तसंच होतं, वरून काळजाचा भार, पोटाचा भार, आणि फुप्फुसाचा पाठीकडचा मोठा भाग दबून मिटून जातो. पालथं केलं की तोच भाग वर येतो, मोकळा होतो, उघडतो. "फुप्फुस जास्त करून पाठीकडे असतं गं," त्या म्हणायच्या. "पुढे असते ती छाती. ती माणसांना फुगवायला दिलेली आहे."

सगळीच मुलं त्याने वाचत नसत, हेही त्या स्वच्छ सांगत. कुणी म्हणालं, "मॅडम, चमत्कार झाला," तर लगेच 'शी'. "चमत्कार कसला, उशी सरकवली."

मूल उलटवायची त्यांची एक रीत होती. एक चादर खाली, एक वर, दोन्हींच्या कडा एकत्र घट्ट गुंडाळायच्या. "सुरळी करा," त्या सांगत, सुरळीच्या वडीची सुरळी. मग आधी कडेला सरकवायचं, मग कुशीवर, मग पालथं. एकजण डोक्यापाशी उभा राहणार, त्याच्या हातात मुलाचं डोकं आणि तोंडातली श्वासाची नळी. नळी निसटली तर खेळ खलास. म्हणून शब्द त्याचा. तो "चला" म्हणेपर्यंत कुणी बोटभर हलायचं नाही. डोक्यापाशी शिकाऊ नर्स असली तरी मॅडमसुद्धा तिच्या शब्दाची वाट बघत थांबत. एकदा आम्ही असेच तयार उभे असताना मोठे सर दोन पाहुण्यांना युनिट दाखवायला घेऊन आले आणि दारातून म्हणाले, "हं, चला, करा." वॉर्डबॉय दिनेशने चादर ओढली. मॅडमनी तिथल्या तिथे त्याचं मनगट धरलं. पाहुण्यांसमोर सरांना म्हणाल्या, "इथे तुम्ही मालक नाही. डोक्यापाशी आहे ती मालक." डोक्यापाशी मी होते. सरांच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या शेवटपर्यंत झोंबतच राहिल्या.

उशांचीही एक गोष्ट आहे. मुलं लहानमोठी, बाजारातल्या उशा एका मापाच्या. मॅडम मला घेऊन फर्निचर बाजारात गेल्या, एका वयस्क सिंधी दुकानदाराकडे, जो सोफ्यांसाठी फोम कापतो. कागदावर माप काढून दिलं. त्याने चष्मा वर करून विचारलं, "साईं, इतना छोटा? गुड़िया के वास्ते है क्या?" मॅडम म्हणाल्या, बिमार बच्चे के वास्ते. पहिल्या उशा आल्या, मॅडमनी हुंगल्या आणि परत पाठवल्या, चिकटवायच्या डिंकाचा वास येत होता. दुसऱ्या आल्या, त्यांची शिवण हनुवटीखाली रुतणारी होती, त्याही परत. आम्हाला वाटलं, आता हा हात जोडेल. पण तो स्वतः हॉस्पिटलात आला, दारातून एक पालथं मूल बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग ज्या उशा पाठवल्या त्यांना खालच्या अंगालाच शिवण होती. त्या उशा मॅडमनी गालाला लावून बघितल्या. परत पाठवल्या नाहीत. त्यांच्याकडून तेवढं म्हणजे पुष्कळ.

नातेवाइकांशी मात्र रोजचं युद्ध. आमच्याकडे पालथं झोपणं अशुभ. त्यात मुलाचा चेहरा दिसत नाही, नुसती पाठ आणि एक कान. पालथ्या मुलाचं तोंड सुजतंही, पापण्या फुगतात, ओठ जाड होतात. सरळ केल्यावर ती सूज उतरते, पण बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं. मॅडम आयांना सांगायच्या, "घरात बाळ पहिल्यांदा पालथं पडलं की गोडधोड करता ना? मग इथे मी पाडलं तर रडता कशाला?" कुणीतरी डोळे पुसत हसायचं. मग त्या आईचा तळहात धुवायला लावून मुलाच्या पाठीवर ठेवायच्या. "तोंड बघू नका. पाठ बघा. सगळं पाठीत चाललंय."

तनिष्का जांभूळ गावची. चार वर्षांची, कुरळ्या केसांची. साधा ताप म्हणून सुरू झालं आणि आमच्याकडे पोचेपर्यंत तिचे ओठ निळे पडले होते. मॅडमनी तिला मशिनवर घेतलं, काही तास उताणं ठेवून बघितलं आणि पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑक्सिजनचे आकडे किंचित सुधारले. किंचितच. नुसती मान एका बाजूची दुसऱ्या बाजूला वळवली तरी ऑक्सिजन खाली यायचा आणि वर यायला दुपार व्हायची. पोर दोरीवर चालत होती. तिला सरळ करायचं नाही, अजिबात नाही, असं मॅडमनी मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाला अडकवलं.

तिची आई रेश्मा. गप्प बाई. आत यायची तेव्हा कोपरापर्यंत हात धुवायची, मॅडमनी दाखवलं होतं तसे, आणि पाठीवर हात ठेवून बसायची. बाहेर मात्र सगळा गोतावळा. तनिष्काचा काका जमिनीच्या व्यवहारात, आणि त्याच्या मागे त्यांचे भाऊ. भाऊ म्हणजे नेते. बोटाबोटात अंगठ्या, मागे पोरांची टोळी, एका पोराच्या हातात कायम मोबाइल, भाऊंचा व्हिडिओ काढायला. मी सोनिवलीची कळल्यावर काका मला म्हणाला, "ताई, तू त आपली हायस. खरा सांग, पोर गेली ना? मेलेल्याला मशिनवर ठेवतान बिल वाडवाला, आमाला सगला म्हायती हाय." मी सांगितलं, पोर जिवंत आहे. तो म्हणाला, "मंग तोंड का लपवतान?"

आमच्या हॉस्पिटलात नातेवाइकांशी गोड बोलायला एक टायवाला मुलगा ठेवलेला आहे. काका त्याच्या मागे लागला, गावात म्हातारी आजी जेवत नाही, एक फोटो द्या. टायवाल्याने जेवणाच्या सुट्टीत आत येऊन, वाकून, गालाखालून तनिष्काच्या तोंडाचा फोटो काढला आणि पाठवून दिला. सुजलेल्या पापण्या, पट्ट्या, नळी, बाहेर आलेलं जिभेचं टोक. तो फोटो आजीकडून चुलतीकडे, चुलतीकडून गावच्या ग्रुपवर गेला. कुणी म्हणालं, ही आपली पोरच नाही. कुणी म्हणालं, आपलीच आहे पण गेलेली आहे. दुसरं म्हणणं जिंकलं. आणि भाऊंच्या पोरांनी वाट बघितली नाही. संध्याकाळच्या आत नाक्यावर फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली, कुमारी तनिष्का. कोपऱ्यात तिचा वाढदिवसाचा फोटो, टिकलीएवढा. मधोमध भाऊ, हात जोडून, दुःखी. खाली शोकाकुल म्हणून टोळीतल्या प्रत्येकाचा हसरा फोटो.

पोर जिवंत होती. इकडे तिची पाठ वरखाली होत होती आणि तिकडे फ्लेक्सला हार चढला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे हॉस्पिटलात आले. आता प्रश्न पोरीचा राहिलाच नव्हता. बोर्ड लागला होता, लांबचे पाहुणे मातीला निघाले होते, आणि पोर जिवंत निघाली तर भाऊंचं हसं होणार होतं. म्हणून ती मेलेलीच असायला हवी होती. कारंज्यात कुंड्या फेकल्या गेल्या. दिनेश धावत वर आला, "मॅडम, पब्लिक गरम है." मागोमाग मोठे सर, घामाघूम, आणि त्यांच्यामागे भाऊ आणि काका. बाकीच्यांना दाराबाहेर थोपवलं होतं. भाऊ बूट घालूनच आत आले.

"डॉक्टर," भाऊ म्हणाले, "पब्लिकला काय सांगू मी? फेस दाखवा, विषय संपला."

मोठे सर मॅडमजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "दोनच मिनिटं सरळ करू या. बघतील, जातील. मग घाला परत तुमचं पालथं."

"सरळ केली तर ती परत येणार नाही," मॅडम म्हणाल्या. आवाज नेहमीचाच. त्या चालत पलंगाच्या डोक्यापाशी गेल्या, डावा हात तनिष्काच्या गालाखाली घातला आणि उजव्या हाताने नळी धरली.

सरांना वाटलं, मॅडम तयार झाल्या. त्यांनी आम्हाला खूण केली. आम्ही चादरीच्या कडा धरल्या, दिनेश एका बाजूला, मी दुसऱ्या. "चला, घ्या," सर म्हणाले. कुणी हललं नाही. सर ओरडले, "अरे घ्या ना." दिनेशने खाली मान घालून सांगितलं, "मॅडम नहीं बोली, सर." मॅडम डोक्यापाशी उभ्या होत्या आणि त्या बोलत नव्हत्या. एवढी वर्षं त्यांनी आमच्या हातांना जी सवय लावली होती ती सरांच्या पगारापेक्षा भारी निघाली.

"तुम्हाला बघायचं आहे ना?" मॅडम भाऊंना म्हणाल्या. "या इकडे. पाठीवर हात ठेवा."

भाऊ दोन पावलं पुढे आले. तनिष्काच्या गालाखालच्या कापडावर लाळ आणि कफाचं ओलं झालं होतं, त्याला आंबूस वास होता. भाऊंनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. "नको, नको. इन्फेक्शन होईल."

"कुणाला?" मॅडमनी विचारलं.

त्याच वेळी रेश्मा आत आली. तिला कुणी अडवलं नाही, की तिनेच जुमानलं नाही, ठाऊक नाही. बाहेर कुणाच्या तरी मोबाइलवर तिने तो फ्लेक्स पाहिला होता. ती सरळ बेसिनकडे गेली. आम्ही सगळे चादर धरून उभे, भाऊ रुमाल धरून उभे, आणि ती कोपरापर्यंत हात धुत होती, सावकाश, एकेक बोट. मग येऊन तिने लेकीच्या पाठीवर तळहात ठेवला.

"भावजी, हात ठेवा," ती काकाला म्हणाली. "गरम हाय पोर."

"मशिन हलवते ती, वयनी."

मॅडमनी मला मानेने खुणावलं. मी त्यांच्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढला, काकाच्या कानात घातला आणि दुसरं टोक तनिष्काच्या पाठीवर, डाव्या बाजूला दाबलं. "हवा मशिन देतं," मॅडम म्हणाल्या. "हे ठोके कोण देतंय?"

काका ऐकत राहिला. त्याचं तोंड हळूहळू वाकडं झालं आणि तो मोठा माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. तरी रडता रडता म्हणाला ते हेच, "पन वयनी, बोर्ड लागलाय ना. पावने पन निंगालेत."

"निंगालेत त जेवाला घाला त्यांना," रेश्मा म्हणाली. "माजी पोर जिती हाय."

भाऊंनी एकदा मोबाइलकडे बघितलं, एकदा दाराकडे, आणि निघून गेले. मॅडमनी नळीवरचा हात काढला नाही, सगळे गेल्यावरही बराच वेळ. मग मला म्हणाल्या, "सुजाता, फरशी पूस. बुटाने आला होता. शी."

तनिष्का वाचली. लगेच नाही. आणखी काही दिवस तिचं पालथं-उताणं चाललं, मग फुप्फुसं उघडत गेली, तोंडाची सूज उतरली, नळी निघाली. पहिला शब्द फुटला तो घोगऱ्या आवाजात, "पानी." ते मागताना ती मॅडमकडे रागाने बघत होती. मॅडम म्हणाल्या, "बघ बघ, खुशाल बघ रागाने." नाक्यावरचा फ्लेक्स उतरला आणि त्याच बांबूंवर भाऊंच्या वाढदिवसाचा चढला.

एवढ्यावर थांबले असते तर ती माणसं कसली. हॉस्पिटलने पुनर्जन्म सोहळा ठेवला. कारंजं दुरुस्त केलं, फुगे लावले. भाऊ प्रमुख पाहुणे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, इथे नागोबा दोन होते आणि दोघांना माइक हवा होता. भाऊ म्हणाले, "मी स्वतः आयसीयूमध्ये उभा राहून पोरीला आधार दिला." मोठे सर म्हणाले, "आमच्या टीमवर्कचं हे फळ." टाळ्या वाजवणाऱ्यांत फ्लेक्सवरची सगळी शोकाकुल मंडळी होती. मॅडमना शेवटी बोलावलं, शाल दिली. त्यांनी ती खांद्यावरून काढून घडी केली, समोर बसलेल्या रेश्माच्या मांडीवर ठेवली आणि जिना चढून वर निघून गेल्या. वर आम्ही एका बाळाची मान वळवायला थांबलो होतो.

पुढच्याच महिन्यात त्यांचा करार वाढवला नाही. कारण दिलं, नातेवाइकांशी वागणूक. ज्या बाईमुळे एका घरात श्रद्धांजलीच्या दिवशी पाहुण्यांना नुसतं जेवण घालावं लागलं, तिची वागणूक. मी रडले, मला लाज नाही वाटत सांगायला. मॅडम रडल्या नाहीत. शेवटच्या दिवशी त्या प्रत्येक पलंगापाशी गेल्या, प्रत्येक मुलाच्या कानाशी वाकून काहीतरी बोलल्या. मला म्हणाल्या, "सरळ ठेवणं सोपं असतं. मूल सरळ असलं की सगळ्यांना बरं वाटतं, मुलाला सोडून. ते तुम्हाला सरळ ठेवायला लावतील. भांड." त्यांची आई त्याआधीच गेली होती, अंबरनाथच्या घरात आता कुणी नव्हतं. नाशिककडे एका सरकारी रुग्णालयात त्या रुजू झाल्या. तिथेही नव्या नर्सेसना पालथं झोपवत असतील.

मी भांडले. पालथ्या घड्यावर पाणी. आता आमच्या युनिटमध्ये तोंडी हुकूम आहे, भेटीच्या वेळेला मुलाचा चेहरा दिसला पाहिजे. मुलं उताणी असतात. भेटीची वेळ झाली की आम्ही ओल्या कापडाने तोंडं पुसतो, भांग पाडतो, कपाळाला पावडर लावतो. मॅडमच्या उशा रिसेप्शनच्या खुर्च्यांवर गेल्या, पाठीला छान वाटतं म्हणे. नातेवाईक आत येतात, चेहरा बघतात, समाधानाने जातात. तेव्हापासून एक कुंडी फुटलेली नाही. हे सगळं बघून मला जी किळस येते, ती मला कधी कुठल्या जखमेची आली नाही.

परवा बदलापूरचं एक बाळ होतं. वर्षाचंही नव्हतं. दोन्ही फुप्फुसं पांढरी, ऑक्सिजन पूर्ण सोडलेला, आणि तरी आकडे घसरत चाललेले. मी ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरला म्हटलं, पालथं घालू या, डोक्यापाशी मी उभी राहते. त्याने मोठ्या सरांना फोन लावला. सरांनी विचारलं, बाहेर नातेवाईक किती आहेत. तो म्हणाला, बरेच आहेत. सर म्हणाले, मग सरळच राहू दे. मी पुन्हा म्हटलं. डॉक्टर वाईट नव्हता, त्याचे डोळे भरले होते. तो म्हणाला, "सिस्टर, उद्या माझ्यावर आलं तर केळुस्कर मॅडम येणार आहेत का?"

दुपारी बाळ गेलं. आम्ही नळी काढली, तोंड पुसलं, केस नीट केले. सूज नव्हती, डाग नव्हता, पट्टीचा वळसुद्धा नव्हता. त्याचा मामा त्याला न्यायला आला. त्याने दुपटं बाजूला करून चेहरा बघितला, पुष्कळ वेळ बघितला, आणि मग बाहेर जाऊन मोठ्या सरांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"सायेब, तुमी लय केलाव," तो म्हणाला. "पोराचा तोंड कसा निजल्यासारका ठेवलाव."

"कर्तव्यच आहे आमचं," मोठे सर म्हणाले, आणि त्याला हाताला धरून उठवलं.